पहिल्या क्रमांकाचं मशीन

खूण माझीच होती. निळ्या शाईची, शेपूट जरा जास्त लांब गेलेली. फॉर्मच्या पहिल्या ओळीत 'लॅब', त्याच्यासमोर बरोबरची खूण, खाली माझी सही आणि तारीख पंधरा ऑक्टोबर दोन हजार पाच. ट्रस्टींच्या ऑफिसातल्या ज्योत्स्नाताईंनी तो कागद माझ्यापुढे धरला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. "चार वाजता मीटिंग आहे नं, तिच्यासाठी याच्या पाच झेरॉक्स पाह्यजेन. बापूजी म्हणे, मेघानं तं लॅबच्या मशीनले औषध पाजलंच होतं, मंग ते मेलं कसं? मंजे योगेंद्रचाच हात." मी म्हटलं, द्या, मी काढून आणते. कागद सोडताना त्यांनी बोटं अंमळ उशिरा सोडली असं मला वाटलं. वाटलं म्हणजे खरंच तसं झालं असेल असं नाही. पण मला वाटतं ते मी टाकून देत नाही, ठेवून देते, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. माझी आई पंचफुला म्हणते की ही पोरगी भाजीत मीठ कमी पडलं तरी कोणी काढून घेतलं का बघते. झेरॉक्सच्या मशीनपुढे उभी राहून मी ती खूण पाच वेळा बाहेर येताना पाहिली. प्रत्येक वेळी ती तितकीच खोटी होती.

हे औषध पाजणं म्हणजे काय ते ट्रस्टच्या अध्यक्षांना, बापूजींनाही, कधी नीट कळलं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे तिकडे अमेरिकेत सकाळ आणि आपल्याकडे रात्र असते तेव्हा, कॉम्प्युटरच्या कंपनीकडून दुरुस्त्यांची यादी येते. आपल्याच मालात सापडलेली भोकं ती कंपनी महिन्याला एकदा जाहीर करते आणि बुजवायला ठिगळं पाठवते. यादी जाहीर झाली की भोकं चोरांनाही कळतात, आणि तिथून शर्यत सुरू होते. आमच्या दवाखान्यात बेचाळीस कॉम्प्युटर आणि दोन सर्व्हर, आणि ठिगळं लावणारी मी एकटी. प्रत्येक मशीन बंद करून परत चालू करावं लागतं आणि प्रत्येकाला नेमकं तेव्हाच अत्यंत महत्त्वाचं काम असतं. म्हणून क्रम लावावा लागतो. या याद्या सुरू झाल्या त्या पहिल्या वर्षी तो क्रम लग्नातल्या मानपानासारखा होता. आधी बापूजी, मग डॉक्टरसाहेब, मग अकाउंट, मग उरलेले. बापूजींच्या मशीनवर ते दुपारी पत्ते खेळत, पण मान त्यांचा. त्या वर्षी नोंदणीच्या खिडकीवरची तीन मशीनं किडा, म्हणजे व्हायरस, लागून पडली आणि सेलूहून, पुलगावहून आलेली माणसं चिठ्ठीसाठी दुपारपर्यंत उभी राहिली. मग मी भांडले. कागदावर तीन प्रश्न लिहून नेले: या भोकातून चोर आपल्यापर्यंत पोचू शकतो का, हे मशीन आणखी कितींशी जोडलेलं आहे, आणि हे बंद पडलं तर कोणाचं काय अडेल. बापूजींनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला. "मंजे माह्या मशीनचा नंबर शेवटून दुसरा?" म्हणाले, आणि हसून सही केली. लॅब तेव्हापासून वर गेली. रक्ताच्या चाचण्यांचे रिपोर्ट त्या एका मशीनमधून सगळ्या वॉर्डांत जायचे. लॅबचे प्रमुख अण्णाजी तेव्हा मला चहा पाजून म्हणाले होते, "आमच्या कोपऱ्यातल्या डब्ब्याले तूनं पह्यल्या पंगतीत बसवलं, पोरी."

मी हे का सांगते, तर अण्णाजी वाईट माणूस आहेत असं कोणाला वाटू नये म्हणून. किंवा तसं मला वाटू नये म्हणून. शंका घेणं हा माझा धंदाच आहे आणि तो घराण्यातून आला आहे. माझे बाबा, कवडू, वीज मंडळात लाइनमन होते. सप्लाय बंद आहे असं खालून कोणी कितीही ओरडून सांगितलं तरी ते आधी साखळी टाकून तार जमिनीला जोडत आणि मगच खांबावर चढत. साहेबांनी सांगितलं तरी टाकत, जिवलग मित्रानं सांगितलं तरी टाकत. मी लहानपणी विचारलं होतं, तुमचा कोणावरच भरवसा नाही का? ते म्हणाले, "भरवसा आहे नं. पण तो मी खाली उतरल्यावर ठेवतो." बोरगाव मेघेच्या आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं की मला ते सगळीकडे लागू पडतं असं वाटायला लागलं. तारांना आणि मशीनांना ते पडतंही. माणसांच्या बाबतीत पंचाईत अशी की तिथे टाकायला साखळी नसते.

सहावीत असताना अंजू नावाची माझी मैत्रीण होती, नालवाडीची. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, मागे घर. तिची आई कौशल्याबाई मला पाणी द्यायची, लख्ख स्टीलच्या पेल्यात, गूळ देऊन द्यायची. एकदा मी पिऊन झालेला पेला ओट्यावर ठेवला आणि दप्तर विसरलं म्हणून परत आले, तर तो पेला मागच्या दारी नळाजवळ, बाकीच्या भांड्यांपासून हातभर लांब, पालथा ठेवलेला होता. बस, एवढंच. ती भांडी घासायच्या तयारीत असेल. एखादं भांडं लांब राहतंच. कौशल्याबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन वं, दप्तर विसरली? येजो उद्या." तितक्याच प्रेमानं म्हणाल्या. मी उद्याही गेले, परवाही गेले, पण त्या घरी पाणी परत प्यायले नाही. अंजूनं कधी कारण विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही याचीही मी मनात नोंद करून ठेवली. कॉम्प्युटर बरा. त्यात कोणी कधी काय केलं ते लिहून ठेवलेलं असतं. त्या पेल्याचं मला आज सदतिसाव्या वर्षीही काही ठरवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर राग त्याचाच जास्त येतो. अपमान झाला असता तर मी सरळ चिडले असते.

ऑक्टोबरची यादी रात्री आली, आणि दुसरा दिवस बुधवार, दसऱ्याचा. यादीत एक भोक फार वाईट होतं. माणसानं काही उघडायची, काही दाबायचीही गरज नाही, नुसतं जोडलेलं मशीन असलं की चोर आत. मी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींचं उत्तर एकच आलं: लॅब. बाकीची उद्यापासून केली तरी चालतील, लॅब आजच. आम्हाला त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, दरवर्षीसारखं. आईबाबा पांढरे कपडे घालून, डबा घेऊन साडेअकराच्या गाडीसाठी स्टेशनवर गेले. मी सकाळी सातलाच दवाखान्यात आले, ठिगळ उतरवून घेतलं, सीडीवर भरलं आणि साडेदहाला लॅबच्या दारात उभी राहिले. आत उदबत्तीचा वास होता. सूक्ष्मदर्शकाला हार, रक्त तपासायच्या यंत्राला हार, आणि माझ्या मशीनच्या डब्ब्यावर हळदकुंकू, आपट्याची पानं, पुढे फोडलेला नारळ. लॅबमधला टेक्निशियन योगेंद्र खोबऱ्याचे तुकडे करत होता. मी खुर्ची ओढली तसे अण्णाजी म्हणाले, "आज नको, मेघा. पूजा झाली. आज मशीनले हात नाई लावाचा." शांतपणे म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. हातात सीडी होती, तेव्हा सीडीकडेही पाहिलं असेल. योगेंद्रनं खोबरं दिलं, मी खाल्लं, गोड होतं. वीस मिनिटांचं काम आहे, अण्णाजी, भोक मोठं आहे, असं मला म्हणायचं होतं. एरवी मी डॉक्टरांना ऑपरेशनच्या कपड्यांत खुर्चीवरून उठवलं आहे. पण त्या दिवशी, दसऱ्याच्या दिवशी, पांढरी साडी नेसून, त्या हळदकुंकवापुढे मला ते म्हणता आलं नाही. मी म्हटलं तर ते काय म्हणतील, आणि त्यांनी ते म्हटलं तर मला उरलेली वर्षं या इमारतीत कशी काढता येतील, असं काहीतरी एका क्षणात डोक्यातून गेलं. मी "बरं" म्हटलं आणि निघाले. गाडीत आईनं विचारलं, तोंड काऊन उतरलं? मी म्हटलं, झोप नाही झाली.

नागपूरला लाखो माणसं होती. त्या गर्दीत कोणालाच कोणाच्या हाताचं काही पडलेलं नव्हतं, आणि मी मात्र स्तूपासमोर उभी राहून एकच हिशेब करत होते: माझ्या जागी दुसरं कोणी आलं असतं तर अण्णाजींनी थांबवलं असतं का? त्यांनी पाजलेला अकरा वर्षांचा चहा एका बाजूला आणि ती एक नजर दुसऱ्या बाजूला. गुरुवारी मी कामाला लागले. नोंदणी, औषधं, वॉर्ड, दोन्ही सर्व्हर. लॅबच्या दारावरून आठदहा वेळा गेले. हार काढलेले होते. आत शिरायला कोणाची आडकाठी नव्हती. पण मला वाटत होतं की आता त्यांनी बोलवावं. मेघा, ते काम राहिलं होतं नं, ये, असं म्हणावं. तेवढं म्हटलं असतं तर माझ्या मनातला काटा निघाला असता. ते म्हणाले नाहीत. एकदा व्हरांड्यात भेटले, म्हणाले, "नागपूरले गर्दी होती म्हणे लय." मी हो म्हटलं. शनिवारी फॉर्म द्यायचा होता. त्रेचाळीस ओळींत खुणा झाल्या आणि सगळ्यात वरची एक रिकामी राहिली. रिकामी दिली असती तर बापूजींनी कारण विचारलं असतं. मी खूण केली आणि ठरवलं की सोमवारी सकाळी पहिलं हेच. सोमवारी मी गेले नाही. मंगळवारीही नाही. मी रुसले होते, साध्या शब्दांत सांगायचं तर. त्या भोकाची रोज आठवण येत होती आणि रोज मी ते उघडं ठेवलं, त्यांना धडा मिळेल म्हणून नव्हे, असं मी स्वतःला सांगत होते.

मिळाला तो त्यांना नाही, योगेंद्रला. चोवीस तारखेच्या सोमवारी लॅबचं मशीन आपोआप बंदचालू व्हायला लागलं आणि दुपारी मेलं. बाकी त्रेचाळीस धडधाकट. रिपोर्ट हातानं लिहावे लागले, वॉर्डात वेळेवर पोचेनात. समुद्रपूरकडची एक डेंग्यूची बाई होती, तिचा रिपोर्ट तीन तास उशिरा गेला. वाचली, पण ते तीन तास तिचा नवरा लहानू लॅबच्या पायरीवर बसून होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं "झालं का जी?" म्हणत होता. त्याच्यासमोरून दोनदा जाताना मी मान वळवली. संध्याकाळपर्यंत गुन्हेगार सापडला. योगेंद्रनं शुक्रवारी पेन ड्राइव्ह लावला होता, मुलीच्या बारशाचे फोटो दाखवायला, चार जणांनी पाहिलं होतं. ठिगळ तर लागलेलंच होतं, मेघाची सही आहे, म्हणजे किडा पेन ड्राइव्हमधूनच आला. योगेंद्र कंत्राटावर. सिंदी मेघेत भाड्याची खोली, बायको कांता बाळंतीण. काढून टाकायला मीटिंगचीही गरज नव्हती, बापूजींनी ती नियमाप्रमाणे ठेवली एवढंच.

मशीन दुरुस्त करायला मी मंगळवारी लॅबमध्ये बसले, तेव्हा आत काय काय लिहून ठेवलेलं होतं ते सगळं वाचलं. किडा जोडणीच्या तारेतून आला होता, कोणा पाहुण्या डॉक्टरच्या लॅपटॉपवरून. सगळ्या मशीनांचं दार त्यानं वाजवलं आणि एकच उघडं मिळालं. पेन ड्राइव्हमध्ये फोटोंशिवाय काही नव्हतं. आणि आणखी एक ओळ होती, जी मी शोधत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. दसऱ्याच्या दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांपासून संध्याकाळपर्यंत, त्या मशीनवरून अकरा रिपोर्ट छापले गेले होते. अण्णाजींच्या नावानं. म्हणजे मी स्टेशनवर पोचून गाडी सुटते न सुटते तोच हात लागला होता. मी ती पानं छापली, घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. इतक्या वर्षांनी एका पेल्याचा पुरावा मिळाला असं वाटलं.

आनंद फार टिकला नाही, कारण मग दुसरी शंका आली. योगेंद्र त्या दिवशी तिथेच होता. खोबरं त्यानंच दिलं. मी सीडी हातात घेऊन परत गेले हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तो बोलत का नाही? "मेघा मॅडमनं ठिगळ लावलंच नाई" एवढं म्हटलं की तो सुटतो. बुधवारी सकाळी तो माझ्या खोलीत आला, दारातच उभा राहिला. "मॅडम, तुमी सांगा नं त्याइले, पेन ड्राइव्हनं नाई झालं म्हून. तुमचं आयकतेत ते." मी त्याच्या चेहऱ्यात शोधत राहिले. माझ्याकडून कबूल करून घ्यायला आलाय? कोणी पाठवलंय? मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढणार आहे? मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "पाह्यजा, मॅडम," आणि गेला. त्याच्या पायांचा आवाज जिन्यात थांबेपर्यंत मी ऐकत होते. थोड्याच वेळात ज्योत्स्नाताई कागद घेऊन आल्या.

चार वाजता बापूजी, दोन ट्रस्टी, अण्णाजी, योगेंद्र आणि मी. पर्समध्ये अकरा छपाया. मनात दोन वाक्यं तयार होती. एकात मी अण्णाजींचं नाव घेत होते, पूजेचं, मग छपायांचं, आणि त्यानंतर जे होईल ते होईल. दुसऱ्यात मी काहीच बोलत नव्हते. बापूजींनी झेरॉक्स वाटल्या. योगेंद्रला विचारलं, पेन ड्राइव्ह लावला का? "लावला जी." आणखी काही सांगायचं आहे? योगेंद्रनं एकदा अण्णाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि म्हणाला, "नाई जी." त्याच्या शर्टाच्या खिशाला बाळाच्या औषधाचा गुलाबी डाग होता. मला एकदम पायरीवरचा लहानू आठवला, आणि माझ्या तीन प्रश्नांतला तिसरा. कोणाचं काय अडेल. तो मीच लिहिला होता. मी म्हटलं, "ती खूण खोटी आहे. मी लॅबच्या मशीनला ठिगळ लावलंच नव्हतं. बारा दिवस होते, लावलं नाही. किडा तारेतून आला. योगेंद्रचा काही संबंध नाही." बापूजी चष्मा वर करून पाहत राहिले. "काऊन नाई लावलं?" सगळे माझ्याकडे बघत होते, अण्णाजी टेबलाकडे. पर्स मांडीवर होती. "माझी चूक," मी म्हटलं, "कारण नाही." बापूजींनी झेरॉक्सवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, मेमो मिळेल, एक पगारवाढ थांबेल, आणि पुढच्या महिन्यापासून क्रम मी लावायचा नाही, नागपूरची एजन्सी लावील. योगेंद्र मोकळा. तो उठताना खुर्ची पडली, ती त्यानं दोनदा सरळ केली.

जिन्यात अण्णाजी माझ्यासाठी थांबले होते. म्हणाले, "माह्यं नाव काऊन नाई घेतलं?" मी पर्स उघडून कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी तारीख वाचली, वेळ वाचली. "डेंग्यूचे पेशंट होते. वॉर्डातून फोन आला, मंग फुलं बाजूले केली अन् बसलो. तुह्यंही तसंच निकडीचं होतं तं म्हणाचं नाई का, बाई? तू काऊन गप बसली?" आवाजात खरंच दुःख होतं, किंवा मला ते ऐकू आलं. मी विचारलं, मग योगेंद्र का गप्प बसला, त्याला तर माहीत होतं. अण्णाजींनी कठड्यावर हात ठेवला. "मीच म्हटलं होतं त्याले, तिचं नाव नको घेऊ. लोक म्हणतीन का हे दोघं मिळून तिच्यावर ढकलून राह्यले, ती अशी हाये म्हणून. तूही तेच समजली असती." मी समजले असते. हे इतकं सरळ खरं होतं की मला राग यायला जागाच उरली नाही. बाबांसारखं खाली उतरून भरवसा ठेवायचा तर एकदा चढावं लागणार होतं, म्हणून मी साखळी न टाकता विचारलं. तेही दवाखान्यातल्या मराठीत नाही, आमच्या घरच्या बोलीत. "अण्णाजी, त्या दिवशी माह्या जागी दुसरं कोणी आलं असतं सीडी घेऊन, तं त्याले थांबवलं असतं तुमी?"

मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर लगेच "थांबवलं असतं, बाप्पा, कोणालेही" म्हणतील. दोन्हींसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं. खालून कोणीतरी स्ट्रेचर नेत होतं, अण्णाजी ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "दोन दिवसापासून मी सोताले तेच इचारून राह्यलो. मले नाई सांगता येत, मेघा."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. खोटं बोलणारा माणूस इतकं वाईट उत्तर देत नाही. अकरा वर्षांत मी त्यांच्यावर पहिल्यांदाच पूर्ण विश्वास ठेवला, आणि तो मला सगळ्या शंकांपेक्षा जड गेला.